चार अक्षरांचा शिक्का

"तू आयएनएफपी आलीस ना? मग क्लायंटसमोर नको, आतलंच काम घे." आज ऑफिसात नव्या मुलीला एक सीनियर सहज म्हणाला. तिने निमूट मान डोलावली. तेच मला खुपलं.

आयएनएफपी हा मायर्स-ब्रिग्ज व्यक्तिमत्त्व चाचणीतला एक चार अक्षरी प्रकार; त्यातलं 'आय' म्हणजे अंतर्मुख. ही चाचणी बनवणाऱ्या मायलेकींनी मानसशास्त्राचं औपचारिक शिक्षण घेतलेलं नव्हतं. आधार मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंगच्या १९२१ च्या पुस्तकाचा. काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली, की अनेकांचा प्रकार बदलतो. कारण बहुतेक माणसं अंतर्मुख-बहिर्मुख अशा दोन टोकांच्या मधेच कुठेतरी असतात आणि चाचणी नेमकी मधोमध रेघ मारते.

आणि वर्णन पटलं म्हणजे ते खरं, असंही नाही. १९४८ मध्ये मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोररने व्यक्तिमत्त्व चाचणी घेऊन वर्गातल्या सगळ्यांना एकच वर्णन 'खास तुमचं' म्हणून दिलं. मुलांनी त्याच्या अचूकतेला पाचपैकी सरासरी चारहून जास्त गुण दिले!

गप्पांपुरतं ठीक आहे. पण एखादीचं काम यावरून ठरवायचं? आधी तिला क्लायंटशी बोलू तरी द्याल की नाही?