आमची वाटचाल: शोभेच्या माशांपासून लिफ्टच्या खड्ड्यापर्यंत

ठाण्यात आमचं शोभेच्या माशांचं दुकान होतं. पावसाळा लागला की गिऱ्हाईक गोल्डफिश सोडून डासांच्या अळ्या खाणारे साधे गप्पी मासे मागायचं. सोसायटीत कुणाला तरी डेंग्यू झालेला असायचा. एका वर्षी आमचे धाकटे भाऊजीच नऊ दिवस दवाखान्यात होते. ते घरी आले त्याच आठवड्यात ह्यांनी आणि मी ठरवलं, आता डासांच्या अळ्या संपवायचं हेच काम करायचं.

पहिलं काम मिळालं बांधकामाच्या साइटवर. लिफ्टच्या खड्ड्यात गुडघाभर पाणी होतं. पांढऱ्या पळीत ते घेतलं तर अळ्याच अळ्या! काही पाण्याला चिकटून आडव्या पडलेल्या, त्या मलेरियाच्या अ‍ॅनोफिलीसच्या. काही डोकं खाली करून तिरक्या लटकलेल्या, त्या डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाच्या. आम्ही दोनशे गप्पी सोडले. दुसऱ्या दिवशी सगळे मरून तरंगत होते. आदल्या संध्याकाळी कुणीतरी खड्ड्यात ब्लीचिंग पावडर टाकली होती आणि आम्ही विचारलंच नव्हतं. ते दोनशे मासे हातांनी गोळा करताना मला रडू आलं. तेव्हापासून आधी त्या पाण्याची बादली भरून घेतो, पाच मासे रात्रभर ठेवतो, मगच पुढचं.

गप्पी अंडी घालत नाही, थेट पिल्लं देतो, साधारण महिन्याला एक वेत. पण मोठे मासे पिल्लं गिळतात, म्हणून टाक्यांत पाणवनस्पती दाट लावाव्या लागतात. पावसाळ्याची तयारी आम्ही होळीलाच सुरू करतो.

तलावात मासे सोडायचं काम मात्र आम्ही घेत नाही, पैसे कितीही मिळोत. गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेतला, म्हणजे आपल्या तलावात परकाच. अळ्या खाणारा दुसरा परका मासा गम्बुशिया, तो 1928 मध्ये इटलीहून भारतात आणला. तो देशी माशांची आणि बेडकांची अंडी-पिल्लं फस्त करतो, म्हणून तो आम्ही पाळतही नाही. तलावात आपला देशी पिकू मासा असतोच आणि तो अळ्या खातो. त्याच्याच जातभाईचा आणि बीटीआय या अळ्या मारणाऱ्या जिवाणूचा मलेरियाविरुद्ध प्रयोग नव्वदच्या दशकात गोव्यात झालेला आहे.

हा बीटीआय 1976 मध्ये इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटात सापडला. जिथे मासा जगत नाही तिथे, म्हणजे स्लॅबवर साचलेल्या पाण्यात, बंद कारंज्यात, आम्ही तो वापरतो. अळीने गिळला की त्याचे स्फटिक तिच्या पोटात विरघळतात, आतडं फाटतं आणि दिवसभरात ती मरते. माशांना, माणसांना काही होत नाही. अळीचा पुढे होणारा कोष मात्र काही खातच नाही, त्यामुळे कोषावर त्याचा उपयोग शून्य.

अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून नुसते मासे विकणं आम्ही बंद केलं. दर आठवड्याची फेरी घेणार असाल तरच काम घेतो. सुरुवातीला सोसायट्या नाराज व्हायच्या. वॉचमनकाका विचारायचे, “ताई, धूर कधी मारणार?” मी बाटलीत अळ्या भरून त्यात एक गप्पी सोडायचे आणि ती त्यांच्या टेबलावर ठेवायचे. धुराने उडते डास मरतात, पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात, हे सांगण्यापेक्षा ती बाटली लवकर पटायची. आता तेच काका गच्चीवरचे रिकामे डबे उलटे करून ठेवतात आणि मी गेले की आधी तिकडेच नेतात.