शिलाईची टेप आणि दुसरीचं गणित

माझ्या मुलाला दुसरीत जाताना शंभरपर्यंतचे अंक घडाघडा म्हणता यायचे. पण ५२ मधून ४७ वजा करायला सांगितलं की उत्तर यायचं १५. दोनातून सात जात नाहीत, मग सातातून दोन काढायचे, असा त्याचा हिशोब. आकडे पाठ होते, पण ४७ आणि ५२ एकमेकांच्या किती जवळ आहेत हे त्याला दिसतच नव्हतं.

सोलापुरात आमच्या पूर्व भागात मी घरीच शाळेचे गणवेश शिवते. कापडी टेप दिवसभर गळ्यात असते. तिच्या एका बाजूला ६० इंच, दुसऱ्या बाजूला १५० सेंटीमीटर. पुस्तकातली संख्यारेषा, म्हणजे सारख्या अंतरावर क्रमानं आकडे मांडलेली रेघ, बघितली आणि वाटलं, ही तर आपल्याकडं आहेच.

तरी सुरुवात जमिनीवर केली. दारासमोर खडूनं रेघ ओढली, टेपनं मोजून दर ३० सेंटीमीटरवर खूण केली आणि ० ते १० आकडे लिहिले. अंतर सारखंच हवं, यात हयगय नको. नाहीतर रेघेचा उपयोगच संपतो. शून्यही लिहायचंच. टेपवर ते छापलेलं नसतं, तिचं टोक म्हणजे शून्य, हे मुलांना मुद्दाम दाखवावं लागतं.

तीनवर उभं राहून चार पुढं जा म्हटलं की मुलगा तीनवरच 'एक' म्हणायचा आणि सहावर थांबायचा. बरीच मुलं इथंच अडकतात. मोजायच्या असतात उड्या, खुणा नव्हेत. मग नियम केला: पाय पुढच्या खुणेवर पडल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. याला वेळ लागला, पण इथं घाई करू नये, पुढचं सगळं यावर उभं आहे.

याच सुमारास एक गोष्ट वाचनात आली. अमेरिकेतल्या रॉबर्ट सिग्लर आणि गीता रमाणी यांनी २००८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. गरीब घरांतल्या लहान मुलांना त्यांनी १ ते १० आकड्यांच्या सरळ पट्टीवर सोंगटीचा खेळ खेळायला दिला. सोंगटी सरकवताना मुलं घरावरचा आकडा म्हणायची. पाचवरून दोन घरं पुढं जायचं तर 'एक, दोन' नाही, 'सहा, सात'. थोडे दिवस खेळूनच त्यांची संख्यांची समज सुधारली. आम्हीही तसंच बोलायला लागलो. फरक मला लवकरच दिसला, कारण आपण कुठं आहोत हे मुलगा विसरेनासा झाला.

शेजारची मुलगीही यायला लागली. तिच्या घरी तेलुगू. तेलुगूत वीस आधी, पाच नंतर. मराठीत पंचवीस म्हणताना पाच आधी. ती २५ च्या जागी ५२ लिहायची. तिला टेपवर दोन्ही आकडे शोधायला लावले. ५२ पर्यंतची लांबी २५ च्या दुपटीहून जास्त. "काकू, हे तर लई लांब आहे की!" म्हणाली. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' असं वाचन आलं तेव्हा केवढा वाद झाला. या पोरीकडं बघून मला त्यामागचं कारण पटलं.

टेप सरावाची झाल्यावर वहीत नुसती रेघ काढली, खुणा नसलेली. नेदरलँड्समधल्या शाळांत अशी रिकामी रेघ बरीच वापरली गेली आहे. ३८ अधिक २५: ३८ वरून वीसची उडी, ५८, दोनची उडी, ६०, तीनची उडी, ६३. आणि ५२ वजा ४७? ४७ वरून ५० ला तीन, तिथून ५२ ला दोन. पाच. हातचा नाही, उसनं नाही. शाळेत उभी मांडणी लागतेच, ती तो करतो. पण आधी रेघेवर उत्तर बघतो, त्यामुळं १५ आलं तर त्याचं त्यालाच खटकतं.

आता हजारापर्यंतचे आकडे काढलेत. टेप १५० ला संपते, म्हणून दोघांना कोरी दोरी देते. एका टोकाला ०, दुसऱ्याला १०००. ६४० कुठं येईल तिथं चिमटा लावायचा, मग घडी घालून ५०० सापडवायचं आणि चिमटा बरोबर बाजूला आहे का ते बघायचं.