क्लबचे ट्रॅक अल्बममध्ये बसवताना: माझा अनुभव

डीजे सुटे ट्रॅक विकत घेतात, ऐकणारे प्लेलिस्ट लावतात, मग डान्स म्युझिकला अल्बम हवाच कशाला? मला तो हवा वाटतो, पण मुद्दाम घडवलेला. तयार सिंगल्स एकापुढे एक ठेवून अल्बम होत नाही.

१२८ बीपीएमला (मिनिटाला १२८ ठोके) चार-चार ठोक्यांचे ३२ बार म्हणजे १२८ ठोके, बरोबर एक मिनिट. डीजेला एक ट्रॅक दुसऱ्यात मिसळता यावा (मिक्सिंग) म्हणून क्लब ट्रॅकच्या दोन्ही टोकांना इतका वेळ नुसते किक (जड ठोका) आणि हॅट (झांजेचा बारीक आवाज) ठेवतात. असे दोन ट्रॅक लागोपाठ आले की घरी ऐकणाऱ्याच्या वाट्याला दोन मिनिटं कोरडा ठेका येतो. म्हणून अल्बमसाठी मी ही टोकं ८ बारांवर, म्हणजे १५ सेकंदांवर आणतो आणि लांब आवृत्ती ‘एक्स्टेंडेड मिक्स’ म्हणून वेगळी काढतो. दोन्हींना वेगळा आयएसआरसी (रेकॉर्डिंगचा ओळख कोड) लागतो. आधी सिंगल म्हणून आलेला ट्रॅक जसाच्या तसा घेतला असेल, तर मात्र त्याचा जुनाच कोड ठेवावा. नाहीतर प्ले दोन ठिकाणी विभागले जातात.

क्रम लावताना टेम्पो चढवत नेणं हा डीजे सेटचा हिशोब झाला. अल्बमला एक धागा पुरतो. १९८२ साली मुंबईच्या चरणजित सिंग यांनी टीआर-८०८ हे ड्रम मशीन आणि टीबी-३०३ हा बेस सिंथेसायझर यांच्यावर, डिस्को ठेक्यात दहा रागांची तबकडी केली. २०१०च्या पुनर्प्रकाशनानंतर ती जगभर पोचली. तिच्यातला एखादा राग सुटा ऐकला तर नवलाई वाटते. सगळे सलग ऐकले, की ठेका तसाच ठेवून राग बदलल्याने काय काय होतं ते उमगतं. हे काम सिंगल करूच शकत नाही.

ट्रॅकचं जोडकाम सगळ्यात किचकट. मी पूर्ण अल्बम एकाच प्रोजेक्टमध्ये मांडतो आणि शेवटी कापतो. काप पहिल्या किकच्या किंचित आधी घ्यायचा आणि रिव्हर्बची (घुमणाऱ्या आवाजाची) शेपटी मागच्या ट्रॅककडे ठेवायची, म्हणजे पुढचा ट्रॅक सुटा लागला तरी तुटका वाटत नाही. सीडी करायची असेल तर काप ५८८ सॅम्पलच्या, म्हणजे सीडीच्या एका फ्रेमच्या, पटीत हवा. एमपीथ्रीचा एन्कोडर टोकांना शांतता चिकटवतो, त्यामुळे जोड तपासायचे ते वेव्ह किंवा फ्लॅक या आवाज न गमावणाऱ्या फाइलींवरच.

मास्टरिंग (आवाजाची अंतिम जुळणी) प्रत्येक ट्रॅकचं वेगवेगळं केलं की ठेका नसलेला हळुवार तुकडा क्लब ट्रॅकइतकाच मोठा होतो आणि चढउतार संपतो. स्पॉटिफाय साधारण माइनस १४ एलयूएफएसला (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप) आवाज जुळवतं, पण अल्बम क्रमाने वाजवला तर सगळ्या ट्रॅकना एकच गेन (आवाजाची वाढ-घट) लावतं. त्यामुळे माइनस २० चा तुकडा बिनधास्त ठेवावा. तो तिथे हळूच ऐकू येतो.

व्हिनाइलची (तबकडीची) फाइल वेगळी, लिमिटरने म्हणजे आवाजाची शिखरं रोखणाऱ्या साधनाने न दाबलेली. ३३ आरपीएमला (मिनिटाला ३३ फेऱ्या) जोरकस बेस हवा असेल तर मी एका बाजूला १५ मिनिटांच्या आसपास थांबतो. वेळ वाढवला की खाचा जवळ येतात आणि आवाज खाली आणावा लागतो. साधारण १५० हर्ट्झच्या खालचा बेस मोनो (डावी-उजवीकडे अगदी सारखा) करतो, कारण दोन बाजूंना उलट फेजचा (एकीकडे लाट वर, दुसरीकडे खाली) बेस खाचेला खालीवर खेचतो आणि सुई उडते. बाजूचा शेवटचा ट्रॅक मऊ निवडायचा: मध्याकडे खाच सुईखालून हळू सरकते आणि तीक्ष्ण हाय-हॅट फाटतात. टेस्ट प्रेसिंग (नमुन्याची तबकडी) आलं की मी आधी हाच ट्रॅक ऐकतो, तोही साध्या सुईवर.