रिकाम्या बराकीतला नळ

मी एका लष्करी तळाच्या देखभाल विभागात अभियंता आहे. तिथे गणवेश न घालणाऱ्या मोजक्या लोकांपैकी एक. सुविधा व्यवस्थापन शिकणारे 18 विद्यार्थी तळ पाहायला येणार असे ठरले, तेव्हा दाखवायच्या गोष्टींपेक्षा न दाखवायच्या गोष्टींचीच यादी लांबत गेली. फोन दारावर जमा करून घेतल्यावर आणि अर्धे रस्ते वगळल्यावर उरले ते आमचे रोजचे काम, म्हणजे वीज, पाणी, सांडपाणी, आग विझवण्याची व्यवस्था आणि इमारती.

सकाळ जनित्रगृहात गेली. क्षमतेच्या 30 टक्क्यांहून कमी भारावर डिझेल इंजिन वारंवार चालवले, तर इंधन पुरते जळत नाही आणि धूर बाहेर नेणाऱ्या नळीत काळा, ओलसर थर साचतो, म्हणून जनित्राची चाचणी नुसते रिकामे फिरवून घेऊ नये, हे मी सांगितले. मुलांनी त्या थराला बोट लावून पाहिले आणि माझे पुढचे बोलणे बहुतेकांनी हात पुसत ऐकले.

दुपारी त्यांना एका बराकीत नेले. तिथली तुकडी सहा आठवड्यांपासून सरावासाठी बाहेर होती आणि खोल्यांत फक्त गुंडाळलेल्या गाद्या होत्या. आमच्या कामाचा खरा कस अशाच ठिकाणी लागतो, असे माझे मत आहे. भरल्या बराकीत नळ गळू लागला तर अर्ध्या तासात तक्रार येते; रिकाम्या बराकीत तक्रार करायला कोणी नसते, आणि तुकडी मात्र कोणत्याही रात्री परत येऊ शकते.

वापराविना साचलेल्या पाण्यात, 20 ते 45 अंश सेल्सिअसच्या दरम्यान, लेजिओनेला नावाचे जिवाणू वाढतात. असे पाणी पिण्यापेक्षा शॉवरचे बारीक तुषार श्वासावाटे फुप्फुसांत जाणे अधिक धोक्याचे असते. 1976 मध्ये अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे माजी सैनिकांच्या ‘अमेरिकन लीजन’ या संघटनेच्या अधिवेशनानंतर न्यूमोनियाची गंभीर साथ पसरली आणि त्या संघटनेवरूनच पुढे या जिवाणूंना नाव मिळाले. म्हणून आम्ही गरम पाणी टाकीत 60 अंशांवर ठेवतो, नळ सोडल्यापासून मिनिटभरात ते 50 अंशांच्या वर आले पाहिजे असे पाहतो आणि न वापरलेला प्रत्येक नळ आठवड्यातून एकदा सोडून पाणी वाहू देतो. हे सारे मी पुरेशा अभिमानाने सांगितले आणि पुरावा म्हणून नोंदवही पुढे केली.

सकाळपासून फारसे न बोललेल्या एका विद्यार्थिनीने तिची पाने मागे चाळत नेली आणि विचारले, “मॅडम, टाकीतही 60 आणि शेवटच्या नळालाही 60? एवढ्या लांबून येताना पाणी एक अंशही निवत नाही का?”

मी पान पाहिले. सहाही आठवडे दोन्ही रकान्यांत एकाच वळणाचे, नेटके 60 होते आणि प्रत्येक पानाच्या तळाशी माझी सही होती.

विद्यार्थ्यांना बाहेरच्या व्हरांड्यात थांबवून मी शेवटच्या न्हाणीघरातला नळ हळू सोडला. शॉवरला हात लावला नाही. मिनिटभराने तापमापक 38 वर स्थिरावला. टाकीवर खरोखरच 60 अंश होते, पण गरम पाणी वाहिन्यांतून सतत फिरवत ठेवणारा पंप बंद होता. त्याचे सील बदलताना वीज तोडली होती. काम आटोपले, स्विच तसाच राहिला. आमच्या प्लंबरने टाकीवरचा आकडा दोन्ही रकान्यांत उतरवला होता. नळ मात्र तो दर आठवड्याला सोडत असे, फक्त तापमापक बरोबर नेत नसे. त्याला बोलण्याआधी मला माझ्या सह्या दिसत होत्या, त्यामुळे माझा आवाज फारसा चढला नाही.

न्हाणीघरे कुलूपबंद केली, पाण्याचे नमुने प्रयोगशाळेत पाठवले, पंप चालू केला आणि प्रत्येक नळाशी पुरेसे गरम पाणी पोहोचेपर्यंत सगळी वाहिनी वाहती ठेवली. ठरलेला अग्निशमन पंपाचा भाग राहून गेला, पण मुले कुरकुरली नाहीत. उलट निघताना त्यांनी जनित्रगृहाच्या नोंदवहीबद्दल असे काही प्रश्न विचारले की मी संध्याकाळी तीही उघडून बसले.

जिवाणूंची वाढ तपासायला दहा दिवस लागतात आणि तुकडी आठव्या दिवशीच परतली. तिला दुसऱ्या बराकीत उतरवावे लागले, आणि त्याचे कारण तळप्रमुखांना मीच जाऊन सांगितले. अहवालात जिवाणू आढळले नाहीत.

आता नळाच्या रकान्यात 53, 51, 54 असे आकडे येतात. परवा प्लंबर तापमापक हातात घेऊनच कार्यालयात आला आणि म्हणाला, “मॅडम, साडेएकोणपन्नास आलंय. पन्नास लिहू?” मी त्याच्याबरोबर बराकीकडे निघाले.