ओढ्याला गोंधळाला बोलावताना

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याचं पाणी पुण्यात अरण्येश्वरच्या आमच्या घरात छातीपर्यंत चढलं. नंतर भांडी घासून घेतली, गाद्या टाकल्या, फ्रिज भंगारात दिला. आईची ओव्यांची वही गेली ती गेलीच. पुढच्या वर्षी आईही गेली.

आमच्या हौशी नाट्यगटाने ओढ्याच्या विषयावर रंगमंचावर देवीचा गोंधळ घालायचं ठरवलं, तेव्हा आवाहन, म्हणजे देवतांना हाक मारून बोलावणं, माझ्याकडे आलं. गण, आवाहन, आख्यान, शेवटी आरती हा क्रम तसाच ठेवला. फक्त आवाहनात तुळजापूरच्या भवानीपाठोपाठ पुण्यातल्या ओढ्या-नद्यांना, नागझरीला, राम नदीला, माणिक नाल्याला आणि आंबिल ओढ्याला 'गोंधळाला ये' म्हणायचं. आख्यानात ओढा कात्रजहून निघतो, पेशवाईत त्याचं पात्र वळवलं जातं, पुढे काठ बुजत जातात आणि एका रात्री तो आपली जागा मागायला येतो.

तालमीत नागझरीपर्यंत ठीक जायचं. आंबिल ओढ्याचं नाव आलं की गळा दाटायचा. दोन महिने हेच. संबळ वाजवणारे मामा पिढीजात गोंधळी. एकदा त्यांनी हात थांबवला आणि म्हणाले, "पोरी, तू त्याला रडतीयास. बोलवत न्हाईस. पाहुणा येणारच हाय असं धरून हाक मार."

त्या दिवसापासून मी तालमीआधी रोज ओढ्याच्या पुलावर जाऊन उभी राहू लागले. काळं पाणी, कठड्याला अडकलेल्या पिशव्या, खाली कुठेतरी एक खंड्या. ओढ्याकडे बघत हळू आवाजात हाक मारायची. तिथे रडू येत नसे, कारण ओढा समोर होता. पुलावरची ती हाक तालमीत आणायला आणखी तीन आठवडे लागले.

संहितेचं प्रमाणपत्र, तारखा, तिकिटं ही धावपळ गटातल्या इतरांनी केली. प्रयोग ऐन ऑगस्टमध्ये आला. दमट हवेने संबळाची कातडी सैल पडली, आवाज भदभद यायला लागला. रंगमंचावर विस्तव चालत नाही, मग मेकअपच्या आरशाचा पिवळा बल्ब काढून मामांनी कातड्याजवळ धरला. दर मिनिटाला बोटाने टिचकी मारून कान लावायचे. तिसरी घंटा झाली तेव्हा कुठे टणक बोल निघाला.

हाक गळ्यातून स्वच्छ निघाली. आख्यानात आईची मला पाठ असलेली एकमेव ओवी गायले:

कात्रजच्या डोंगराला मेघ टेकला ग बाई
ओढ्याकाठी धुण्याची ग मला लागलीया घाई

आरतीनंतर दांडेकर पुलाकडच्या एक आजी विंगेत आल्या. म्हणाल्या, "ही आमच्यात वेगळी म्हणत्यात," आणि उभ्या उभ्या त्यांनी आपली ओवी म्हटली. मी संहिता उलटी केली आणि मागच्या कोऱ्या पानावर लिहून घेतली. त्यांच्यामागे आणखी दोघी उभ्या होत्या.