आय-८०, चार फुटी अँटेना आणि नांदेडचे आम्ही

यलोस्टोनबद्दल लिहिणार होतो. पण ओल्ड फेथफुलचे (तिथलं उसळणारं गरम पाण्याचं कारंजं) फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिलेत, बायसन रस्त्यात उभा राहिला की मागे गाड्या कशा तुंबतात तेही ऐकलं असेल, आणि पार्किंग शोधताना मी जे काही बोललो ते लिहिण्यासारखं नाही, त्यामुळे यलोस्टोन इथेच संपलं. माझ्या डोक्यात अजून फिरतोय तो वायोमिंगमधला आय-८० हायवे आणि आमच्या गाडीच्या मागच्या दाराला लावलेला तो चार फुटी अँटेना.

शिकागोहून यलोस्टोनला बरेच जण आय-९० ने जातात, बॅडलँड्स आणि माउंट रशमोर बघत. आम्हीही परत तसेच आलो. जाताना मात्र मी हट्टाने आय-८० घेतला, कारण तो ट्रकवाल्यांचा रस्ता आहे आणि मला गाडीत सीबी रेडिओ लावून तो ऐकायचा होता. बायकोच्या मते हे कारणच नाही. ऑफिसमधल्या अमेरिकन मित्राच्या मतेही नाही, तो म्हणाला अरे १९७०च्या दशकातली गोष्ट ती, आता सगळ्यांकडे फोन आहे, कोण बोलतंय त्यावर. म्हणलं बघू.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सीबी म्हणजे सिटिझन्स बँड, गाड्यांमधून एकमेकांशी बोलायचा रेडिओ. २७ मेगाहर्ट्झच्या आसपास ४० चॅनल, ४ वॉटची ताकद, १९८३ पासून लायसन्सची भानगड नाही, विकत घ्या आणि बोला. चॅनल ९ इमर्जन्सीसाठी, १९ वर ट्रकवाले. सपाट प्रदेशात काही मैल ऐकू जातं, बस.

रेडिओ बसवायला मी घराजवळच्या एका कार ऑडिओच्या दुकानात गाडी दिली होती. आमच्या गाडीला जवळजवळ अख्खं छप्पर काचेचं, म्हणजे लोहचुंबकवाला अँटेना छपरावर बसणार नाही, म्हणून त्यांनी मागच्या दाराच्या कडेला क्लॅम्प लावून त्यावर अँटेना उभा केला, सिगारेट लायटरच्या मागून करंट घेतला आणि कडक बिल हातात दिलं. निघालो. अख्खा आयोवा संपत आला तरी १९ वर नुसती खरखर. ट्रक अगदी शेजारून गेला की दोन शब्द ऐकू यायचे, तो पुढे गेला की परत खरखर. वर आणि गाडीला रेस दिली की रेडिओही कुईंऽऽ करून शिट्टी मारायचा. पोरांना ते फार आवडलं, बायकोला नाही.

नेब्रास्कात एका ट्रक स्टॉपला लागून सीबीचं छोटं दुकान दिसलं. आत सत्तरीचे एक आजोबा. गाडीजवळ आले, रेडिओकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ मागे जाऊन अँटेनाचा बुडखा हलवून बघितला आणि विचारलं, मीटर लावून कोणी चेक केलं होतं का. नाही म्हणल्यावर त्यांनी जो चेहरा केला तो मी गावाकडच्या गवंड्याचा बघितलाय, दुसऱ्याने बांधलेली भिंत बघताना.

मग त्यांनी एक जुना काट्याचा एसडब्ल्यूआर मीटर रेडिओ आणि अँटेनाच्या केबलमधे जोडला. तुम्ही पाठवलेल्या पॉवरपैकी किती अँटेनातून बाहेर न जाता उलटी परत येते, त्याचा अंदाज हा मीटर देतो. दीडच्या आत असेल तर झकास, दोनपर्यंत चालतं, तीनच्या वर गेलं तर बोलूच नका, रेडिओचा ट्रान्झिस्टर जळायची भीती. माईकचं बटण दाबलं तर आमचा काटा तीनच्या पलीकडे लाल पट्ट्यात जाऊन बसला.

कारण त्यांनी जे सांगितलं ते मला लई आवडलं. २७ मेगाहर्ट्झची लाट ११ मीटर लांब. तिचा पाव भाग म्हणजे जवळपास पावणेतीन मीटरची काठी हवी, तेवढी काही घरच्या गाडीवर लावता येत नाही, म्हणून आत तारेची गुंडाळी घालून ती आखूड करतात. पण काठी म्हणजे अर्धाच अँटेना, उरलेला अर्धा म्हणजे गाडीचा पत्रा. आणि आमचं मागचं दार बॉडीला जोडलेलं फक्त बिजागरीने, त्यात रंग आणि ग्रीस, म्हणजे करंटच्या हिशोबाने ते दार हवेत लटकतंय. क्लॅम्पचे स्क्रू रंगाच्या वरच थांबलेले, पत्र्याला टेकलेलेच नाहीत. अर्धा अँटेना गायब, मग काय ऐकू येणार डोंबल.

आजोबांनी स्क्रू पत्र्याला लागेपर्यंत आवळले, दार ते बॉडी अशी तांब्याची चपटी विणलेली पट्टी बोल्टखाली घट्ट बसवली. लायटरमागची वायर काढून टाकली आणि डॅशबोर्डच्या मागे इंजिनकडे जाणारं रबरी बूच शोधून त्यातून नवीन वायर थेट बॅटरीवर नेली, बॅटरीजवळच फ्यूज. शिट्टी बंद! मग सगळी दारं लावून, पोरांना लांब उभं करून (माणूस जवळ असला तरी काटा हलतो, हे पोरांनी चारदा पुढे-मागे पळून तपासून घेतलं) चॅनल १ वर रीडिंग, मग ४० वर. १ वर जास्त आलं तर काठी आखूड आहे, ४० वर जास्त तर लांब आहे. आमची लांब होती. अ‍ॅलन की ने स्क्रू ढिला करायचा, काठी अगदी नखभर आत ढकलायची, आवळायचा, परत मोजायचं. एवढ्याशा नखभराने काटा सरकतो हे बघताना मी उन्हात उभा आहे हेच विसरलो होतो. दोन्हीकडे दीडच्या आत आल्यावर म्हणाले, आता जा.

पैसे किती घेतले? पहिल्या दुकानाच्या निम्म्याहून कमी.

आणि मग १९ सुरू झालं की हो. म्हणजे सतत कोणी बोलत नाही, तास तास शांतता असते, मधेच कोणीतरी अशी शिवी हासडतो की बायको आवाज बंद करते. पण पुढे रस्त्यात फुटलेल्या टायरचा तुकडा पडलाय, वजनकाटा उघडा आहे, पोलीस कुठल्या मैलाच्या दगडापाशी बसलाय, हे सगळं समोरून येणारे ट्रकवाले सांगत जातात. ही त्यातली खरी युक्ती. ४ वॉटला लांबचं ऐकू येत नाही, पण समोरून येणारा माणूस पुढचा रस्ता नुकताच बघून आलेला असतो.

शायेन ओलांडलं, शर्मन समिट चढलो (८,६४० फूट, आय-८० वरची सगळ्यात उंच जागा), लॅरमी मागे पडलं. तिथून रॉलिन्सपर्यंतचा पट्टा वाऱ्यासाठी बदनाम आहे, हिवाळ्यात तर वारा आणि उडणाऱ्या बर्फामुळे रस्ताच बंद करतात. आम्ही गेलो ते जूनमधे, तरी गाडी बाजूला ढकलली जात होती. फोनला रेंज नाही. अर्लिंग्टनच्या अलीकडे १९ अचानक जागं झालं. समोरून येणारा एकजण म्हणाला, वेस्टबाउंड (म्हणजे आमच्याच बाजूला), कॅम्पर आडवा झालाय, दोन्ही लेन बंद, लोक ठीक आहेत पण वेळ लागेल. मागून दुसरा म्हणाला, लहान गाड्यांनो, २६७ च्या एक्झिटला वॅगनहाउंड रेस्ट एरिया आहे, तिथेच थांबा, पुढे रांगेत अडकलात तर टॉयलेट नाही.

टॉयलेट! लहान पोरं असलेल्या माणसाला यापेक्षा मोलाची बातमी काय असते सांगा. २६७ ला उतरलो. वरून रांग दिसत होती, ट्रकमागे ट्रक, आणि त्यात अडकलेल्या गाड्यांतून बाहेर येऊन लोक वाऱ्यात उभे.

वेळ होता म्हणून मी दुसरे चॅनल फिरवत बसलो. १९ वर गप्पा मारत नाहीत, दोघांना बोलायचं असेल तर दुसऱ्या चॅनलवर जातात. तर एका चॅनलवर चक्क पंजाबी. दोघंजण, विषय डाळीला फोडणी. मी माईक घेतला आणि हिंदीत विचारलं, भाईसाहब, रास्ता कब तक खुलेगा? दोन सेकंद शांतता. मग, ओ जी, तुसी कौन? ट्रक विच हो? म्हणलं नाही, कार, वॅगनहाउंडला थांबलोय. कित्थों? शिकागो. नहीं जी, इंडिया विच कित्थों?

नांदेड, म्हणलं.

आवाजच बदलला त्याचा. "हज़ूर साहिब? तुसी हज़ूर साहिब तों हो?" पाच मिनिटांत तो आमच्या गाडीच्या खिडकीशी, तोही तिथेच ट्रकच्या पार्किंगमधे थांबलेला. पगडी, चप्पल, हातात स्टीलचा थर्मास. सचखंड एक्सप्रेसने आलेला म्हणे एकदा, आईवडिलांना घेऊन, वाटेत स्टेशनांवर लोक डब्यात लंगर आणून देतात ते त्याने माझ्या बायकोला रंगवून सांगितलं. मी नांदेडच्या वजिराबादचा, हज़ूर साहिब गुरुद्वाऱ्याचं लंगर खातच मोठा झालो. २००८ ला गुरुता गद्दीच्या सोहळ्याला गावात पाय ठेवायला जागा नव्हती तेव्हा आमच्या गल्लीतही पाहुणे होते. हे सांगितल्यावर तर तो पोरांच्या डोक्यावर हात फिरवून म्हणाला, तुम्ही तिथले, तुम्हाला चहा पाजल्याशिवाय कसा सोडू. चहा भयंकर गोड होता. बायको एरवी अनोळखी माणसाचं पाणीही पिणार नाही, ती दुसरा कप प्याली. नांदेडला असताना बाहेरून येणाऱ्या यात्रेकरूंच्या गर्दीवर आम्ही किती कुरकुर करायचो ते मी बोललो नाही.

मग त्याने गाडीमागे जाऊन अँटेना बघितला, ती तांब्याची पट्टी बोटाने ओढून बघितली. बढिया लगाया है, किसने लगाया? नेब्रास्का म्हणलं. मान हलवली, आणि स्क्वेल्च (खरखर दाबायचं बटण) जरा जास्त पिळलाय तुम्ही, लांबचे आवाज कापले जातात, असं म्हणून आत हात घालून बटण खरखर जेमतेम थांबेल इतकं मागे आणलं.

रस्ता उघडल्याचं १९ वर कळलं, फोन अजूनही मख्ख. रॉलिन्सपर्यंत तो पुढे आणि आम्ही मागे असे बोलत गेलो, मग त्याला डिझेल भरायचं होतं आणि आम्ही पुढे रॉक स्प्रिंग्सहून उत्तरेला वळलो.

आता घरी अँटेना गराजच्या दारात अडकतो, दरवेळी उतरून फिरवून काढावा लागतो. बायको म्हणते कायमचा काढ. थँक्सगिव्हिंगला डेन्व्हरला जायचंय, तोवर राहू दे म्हणलंय. तुम्ही बसवणार असाल तर दुकानात शिरल्याशिरल्या एवढंच विचारा, एसडब्ल्यूआर मीटर आहे का. नसेल तर पुढचं दुकान बघा.