इलेक्ट्रिकवर माल, डिझेलवर टोचन: आमची वाटचाल

आमचं काम दोन प्रकारचं आहे. एक मालाची ने-आण आणि दुसरं टोचन, बंद पडलेली गाडी रस्त्यावरून उचलायची आणि गॅरेजला नेऊन सोडायची. गाळा साकीनाक्याला, गाड्या मोजक्याच. बाबांनी ऐंशीच्या दशकात मॅटाडोरवर सुरुवात केली, मग टाटा ४०७ घेतली, आणि २००५ मध्ये छोटा हत्ती, म्हणजे टाटा एस, बाजारात आला तसा आमच्याकडेही आला. त्याच वर्षी २६ जुलै झाला, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस, सगळ्या मुंबईत गाड्या पाण्यात, ओळखीचे गॅरेजवाले बाबांना फोन करून सांगत होते काहीही करा पण एवढी गाडी आणून द्या. त्या पावसानंतर टोचनचं काम आमच्याकडे कायमचं आलं. आधी दोरी आणि रॉड होता, मग विंचवाली फ्लॅटबेड, म्हणजे सपाट बेडचा ट्रक आणि त्यावर गाडी ओढून घ्यायचं दोरीचं यंत्र.

हे सांगायचं कारण, आता ट्रान्सपोर्टवाल्यांमध्ये चहाच्या टपरीवर एकच विषय असतो, इलेक्ट्रिक घ्यायची का, वजन ओढते का, परवडते का. आम्ही मालाच्या कामाला इलेक्ट्रिक छोटा हत्ती वापरतोय आणि फ्लॅटबेड डिझेलवरच ठेवलीये, आणि दोन्ही विचार करून केलंय. तो विचार काय ते लिहितो, कोणाच्या कामी आला तर चांगलंच.

सगळ्यात आधी वजनाचा प्रश्न, कारण लोकांच्या मनात तोच असतो, बॅटरीची गाडी माल ओढेल का. ओढते हो, मजबूत ओढते. मोटरचा जोर पहिल्या क्षणापासून पूर्ण मिळतो, डिझेलला इंजिन फिरवून क्लच दाबून जो जोर आणावा लागतो तो इथे पाय ठेवला की हजर. इलेक्ट्रिक छोट्या हत्तीचा, म्हणजे एस ईव्हीचा, टॉर्क (चाक फिरवायचा जोर) १३० न्यूटन मीटर आहे आणि भरलेली गाडी घाटकोपर-साकीनाक्याच्या चढावर सिग्नलला थांबून परत उचलताना मागे घसरत नाही. आमचे जुने ड्रायव्हर मामा, ज्यांनी आयुष्य ४०७ वर काढलं, पहिल्या आठवड्यातच म्हणाले, "भाऊ, गुडघा दुखायचा थांबला." दिवसभर बंपर टू बंपर ट्रॅफिकमध्ये क्लच मारणाऱ्या माणसाला हे केवढं मोठं आहे ते मालकांनी समजून घ्यायला पाहिजे. आता मामा दुसरी गाडी घेऊन जा म्हटलं तर कुरकुर करतात.

पण ओढते म्हणजे कितीही भरा असं नाही. पहिल्या एस ईव्हीचं पासिंग, म्हणजे माल भरायची कायदेशीर मर्यादा, ६०० किलोची, पुढे २०२४ मध्ये एक टनाची आली. आपल्याकडे डाला भरताना दुकानदार म्हणतो अजून चार पेट्या बसतात की, हमाल पण टाकून मोकळे होतात, आणि डिझेलचा टेम्पो स्प्रिंगचे पाटे बसले तरी रडतखडत पोचतो. इलेक्ट्रिकला तसं केलं तर गाडी पोचेलही पण रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये चालायचं अंतर, डोळ्यासमोर उतरते, आणि पासिंगच्या वर भरणं तसंही बेकायदा आहे, अपघात झाला तर इन्शुरन्सवाला हात वर करतो. म्हणून आम्ही गिऱ्हाइकाला आधीच सांगतो, वजन लिहून द्या. टाइल्स आणि सॅनिटरीचा माल हलका दिसतो पण असतो जड, तो एक टनाच्या गाडीतच जातो. प्लायवूड, इलेक्ट्रिकल सामान, पॅकिंग मटेरियल याला छोटी चालते.

आता रेंज. कागदावर १५४ किलोमीटर लिहिलंय, बॅटरी २१.३ युनिटची. आमच्या रस्त्यावर, भरलेली गाडी, उन्हाळा, खड्डे, हे सगळं धरून आम्ही शंभर धरतो आणि त्यातही वीस हातात राखून ठेवतो. म्हणजे ऐंशी. साकीनाका ते लोहार चाळ, तिथून कुर्ला, मग अंधेरी एमआयडीसी आणि परत गाळ्यावर, यात दिवस बसतो. भिवंडीच्या गोडाऊनचा एक फेराही बसतो पण त्या दिवशी दुसरं काही घेत नाही.

पैशाचा हिशोब मी नेहमी शंभर किलोमीटरवर करतो कारण सोपा जातो. छोटा डिझेल टेम्पो शहरात भरून चालवला तर लिटरला चौदा-पंधरा देतो, डिझेल नव्वदच्या आसपास धरलं, म्हणजे सव्वासहाशे रुपये. इलेक्ट्रिकला शंभर किलोमीटरला चार्जिंगमधली गळती धरून चोवीसेक युनिट, युनिटला दहा रुपये धरले तरी अडीचशेच्या आत. किलोमीटरमागे चार रुपये वाचले. पण गाडीची किंमत जवळपास दुप्पट, चार-साडेचार लाख जास्तीचे गेले, ते भरून यायला लाख-सव्वा लाख किलोमीटर चालवावी लागते. रोज ऐंशी चाललात तर वर्षाला चोवीस हजार होतात, म्हणजे साडेचार-पाच वर्षं, ऑइल-फिल्टर-क्लचचा खर्च वाचतो तो धरला तर थोडं आधी. रोज तीसच चालणार असाल तर पैसे कधी वसूल होतील देव जाणे, आणि रोज दीडशे चालायचं असेल तर दुपारी कुठेतरी उभं राहून चार्ज करावं लागेल आणि पब्लिक चार्जरचा रेट घरच्यापेक्षा जवळपास दुप्पट लागतो, वाचवलेलं तिथेच जातं. म्हणून माझं ठाम मत आहे की शहरातल्या मालाला इलेक्ट्रिक परवडते ती सत्तर ते नव्वद किलोमीटरवाल्याला, ठरलेल्या रूटवाल्याला, आणि रात्री स्वतःच्या मीटरवर गाडी लावू शकणाऱ्याला. या तिन्हीतली एक जरी गोष्ट नसेल तर सीएनजीच घ्या, मी मनापासून सांगतोय.

चार्जिंगचं अजून एक, जे ब्रोशरमध्ये लिहीत नाहीत. मुंबईत चार्जर भरपूर दिसतात पण बरेचसे मॉलच्या आणि ऑफिसच्या बेसमेंटमध्ये आहेत, आत जायच्या तोंडाशी उंचीचा लोखंडी बार असतो, त्याखालून बंद बॉडीचा टेम्पो जात नाही. गेला तरी जागा कारच्या मापाची. अमेरिकेत पण हीच रड आहे, मागे ट्रेलर जोडलेला असेल तर आधी तो सोडून बाजूला लावायचा, मग गाडी चार्जरला न्यायची. मालगाड्यांसाठी बाहेरच्या बाजूला, सरळ आत येऊन सरळ बाहेर जाता येईल असे चार्जर वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलला, कळंबोलीला, भिवंडीच्या गोडाऊनांपाशी हवेत, आणि भरपूर हवेत.

आता टोचन. इंटरनेटवर सगळे अमेरिकेतले व्हिडिओ बघतात, फोर्ड एफ-१५० लाइटनिंगच्या मागे भला मोठा ट्रेलर जोडला आणि रेंज अर्ध्यावर आली, मग आपल्याकडे म्हणतात बघा इलेक्ट्रिक ओढू शकत नाही. ती गाडी साडेचार टनांपर्यंत ट्रेलर ओढते, जोराची कमी अजिबात नाही. तिथे खातं ते वारं. हायवेला शंभर-एकशेदहाच्या स्पीडला उंच डब्यासारखा ट्रेलर हवा कापत जातो आणि हवेचा विरोध स्पीडच्या वर्गाने वाढतो, स्पीड दुप्पट तर विरोध चौपट. डिझेल गाडीचंही ॲव्हरेज त्यात पडतं, फक्त तिला पाच मिनिटांत टाकी भरता येते म्हणून कोणी बोलत नाही. आपल्या एलबीएस रोडवर वीसच्या स्पीडला वारं नगण्य. इथे खर्च होतो तो सारखं थांबण्या-निघण्यात, आणि ब्रेक मारताना मोटर जनरेटरसारखी चालून थोडी वीज बॅटरीत परत टाकते, त्यामुळे जे ट्रॅफिक डिझेलला मारतं ते इलेक्ट्रिकला तेवढं लागत नाही. तिकडचा निकाल इकडे जसाच्या तसा लावू नका.

मग आम्ही फ्लॅटबेड इलेक्ट्रिक का केली नाही? घाटामुळे का? घाटाचा हिशोब मी केलाय. खोपोली ते खंडाळा पाचशे मीटरच्या आसपास चढ, फ्लॅटबेड आणि वर गाडी मिळून सात टन धरा, एवढं वजन एवढं वर न्यायला नुसतं साडेनऊ युनिट लागतात, मोटरचा तोटा धरून अकरा म्हणा. हे काही न परवडणारं नाही. आणि लोणावळ्यावरून गाडी मुंबईला आणायची असेल तर भरलेलं वजन उतारावर असतं, उलट वीज परत मिळते. अडचण तिथे नाहीच. अडचण अशी की टोचनच्या कामात पुढचा फोन कुठून येणार ते कोणालाच माहीत नसतं. गाडी खालापूरला बंद पडली, गिऱ्हाईक म्हणतं माझा मेकॅनिक पुण्याला आहे, तिकडेच न्या. नाहीतर आत्ता पनवेलवरून आलेली फ्लॅटबेड अर्ध्या तासात ठाण्याला हवी. रात्री दोन वाजता लेकराबाळांना घेऊन माणूस एक्स्प्रेसवेच्या कडेला उभा असतो, त्याला मी सांगू का की दीड तास थांबा, बॅटरी भरतेय? ते माझ्याने होणार नाही. त्यात विंच आणि बेड सरकवायचं हायड्रॉलिक पण इंजिनवर चालतं, तेही बॅटरीवर घ्यायचं म्हणजे अजून वेगळी सिस्टीम आली.

इलेक्ट्रिक कारमुळे मात्र फ्लॅटबेडचं काम वाढलंय. पूर्वी पुढचं चाक उचललं किंवा रॉड लावला की काम व्हायचं, इलेक्ट्रिक कारचं जे चाक मोटर फिरवते ते जमिनीवर घासत नेलं तर मोटर उलटी वीज बनवायला लागते आणि बिघाड होऊ शकतो, म्हणून चारही चाकं वर पाहिजेत. एका पावसात गांधी मार्केटच्या पाण्यातून बाहेर ढकललेली एक इलेक्ट्रिक कार उचलायला गेलो. बारा व्होल्टची छोटी बॅटरी उतरलेली, त्यामुळे गाडी पार्क गिअरमध्येच अडकली, चाकं जाम, न्यूट्रलला जाईना, मागचे गाडीवाले हॉर्न मारतायत. आमच्या पोराने आधी खाली टॉर्च मारून नारिंगी रंगाच्या जाड वायरी कुठून गेल्यात ते बघितलं, त्या हाय व्होल्टेजच्या, त्यांना हात नाही, जॅक पण त्यांच्यापासून लांब. मग एकेक चाक उचलून खाली लोखंडी चाकांच्या छोट्या ट्रॉल्या सरकवल्या, चारही चाकं त्यावर बसली, आणि विंचची दोरी सावकाश, अगदी बोटभर बोटभर घेत गाडी बेडवर आणली. मालक बाजूला छत्री धरून उभे, एकच प्रश्न, "दादा, शॉक नाही ना लागणार?" गाडीवर ओरखडा पडला नाही. हे काम रॉडवाल्याला जमत नाही, म्हणून आम्ही आमच्या पोरांना इलेक्ट्रिक गाड्यांचं रीतसर शिकवून घेतलंय, त्याचा मला अभिमान आहे.

मोठ्या ट्रकांबद्दल पण विचारतात. तिथे माझं मत शहरासारखंच आहे, ठरलेला छोटा रूट असेल तर चालतं. न्हावा शेवाच्या जेएनपीए बंदरात २०२५ मध्ये बॅटरी बदलणारे हेवी इलेक्ट्रिक ट्रक सुरू झाले, बंदर ते जवळचं कंटेनर यार्ड असे फेरे, बॅटरी संपली की काही मिनिटांत दुसरी लावायची. कंटेनर जड, अंतर कमी, रस्ता रोजचा तोच, म्हणजे अगदी योग्य जागा. लांब पल्ल्याला बॅटरीचं वजनच त्रास देतं, तीनशे युनिटची बॅटरी घेतली तर दोनेक टन तिचेच होतात.

सरकारकडे एक मागणं आहे. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत मोठ्या इलेक्ट्रिक ट्रकला ९.६ लाखांपर्यंत मदत आहे, जुना ट्रक स्क्रॅप केल्याचं सर्टिफिकेट दाखवून. पण साडेतीन टनाच्या आतल्या आमच्यासारख्या चारचाकी टेम्पोला त्यात काहीच नाही. अटल सेतूवर ऑगस्ट २०२५ पासून इलेक्ट्रिक कारला आणि बसला टोल माफ, मालाच्या गाडीला नाही. गल्लीबोळात दुकानासमोर दिवसभर धूर सोडणारा तर छोटा टेम्पोच असतो, तो बदलला तर दुकानात बसलेल्या माणसाला पहिला श्वास मिळेल. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने पेट्रोल-डिझेल गाड्या हळूहळू बंद करता येतील का हे बघायला सांगितलं आणि राज्य सरकारने सात जणांची समिती नेमली, तर त्या समितीने छोट्या टेम्पोवाल्यांना बोलावून ऐकावं. परमिट लागत नाही ही सवलत २०१८ पासून आहे आणि ती खरंच उपयोगी आहे, पण बँका इलेक्ट्रिक टेम्पोला व्याज जास्त आणि मुदत कमी लावतात, कारण जुनी गाडी विकली तर किती येतील ते त्यांना कळत नाही. आधी हप्त्याचं बघा, बाकीचं नंतर.

४०७ आता म्हातारी झालीये, तिच्या जागी सात टनाच्या आसपासची इलेक्ट्रिक बघतोय, भिवंडी-साकीनाका एवढ्याच कामासाठी, भिवंडीच्या गोडाऊनवाल्यांनी त्यांच्या आवारात चार्जर लावायला होकार दिला की बुकिंग करणार. फ्लॅटबेड डिझेलच राहील. ज्या टेम्पोवाल्यांना भरलेली इलेक्ट्रिक गाडी चालवून बघायचीये त्यांनी सकाळी दहाच्या आत गाळ्यावर या, मामा असतात, त्यांच्या बाजूला बसून एक फेरा मारा, आणि येताना तुमचे गेल्या महिन्याचे रोजचे किलोमीटर लिहून आणा.